धुतलेला पाला

माझी जया चिकोडीला दिलेली. तिला दिवस गेले आणि पोटात पाण्याचा घोटबी ठरंना. डाळ बघितली की उलटी, दुधाच्या वासानं उलटी. सासरचा गडी निरोप घेऊन आला, "वैनीसाब म्हणत्यात, आईकडची वाळल्या हरभऱ्याची भाजी तेवढी धाडा, बाकी कायबी नको." पोर नुसती सुकून चालली असंल.

आमचं रान बेळगावाजवळ मच्छ्याला. हरभऱ्याचं शेंडे आम्ही फुलं धरायच्या आधी खुडतो, सावलीत वाळवतो आणि गाडग्यात भरून तोंड बांधून ठेवतो. पावसाळ्यात भाजी मिळंना की ह्याच गाडग्यावर घर चालतं. मागलं गाडगं संपलेलं, औंदाचा पाला नुकताच खुडून ढीग घातलेला. माझा ल्योक रवळू बाजारच्या दिवशी गाडी घेऊन चिकोडीला जाणार होता. तवर वाळंल म्हणून पसरायचं काम सुनंवर टाकलं आणि मी शेजारी बारशाला गेले.

सून माझी मनू, रवळूची बायकू, बेळगावच्या पेठेत वाढलेली. स्वच्छ म्हंजे लई स्वच्छ! घासलेली घागर पुन्हा घासणार. मी परत येऊन बघते तर काय, अंगणात पाला निथळतोय!

"अगं बया! काय केलंस हे?"

"धुतला की, आत्ती. कायतरी आंबट-चिकट लागलं हुतं, घासून घालवलं."

मी कपाळावर हात मारला. "ते चिकट म्हंजेच आंब गं! तीच गेली तर उरलं काय, गवत? हरभऱ्याचा पाला कोण धुतंय? शेंबड्या पोराला इचार, तेबी सांगंल!"

पोरगी घाबरली. "मग आता आंब कुठनं आणायची?"

"कुठनं? रानात रातच्या दहिवरासंगं गोळा हुती पाल्यावर! जा, चाटून आण!"

रागात जीभ सुटली की मला आवरत न्हाय, हे घरात सगळ्यांस्नी ठावं हाय. पुन्हा खुडावं म्हटलं तर कवळं शेंडे खुडून संपलेले, उरलेलं रान फुलावर आलेलं, पाला जून झालेला. धुतलेलाच सावलीला पसरला आणि न जेवता पडले. लेकीला आता काय धाडू, ह्योच घोर.

सकाळी उठले तर सून घरात न्हाय. लई बोलले गं बाई मी, पोरीनं माहेरची वाट धरली का काय! तशीच रानाकडं पळत सुटले. ही सापडू दे देवा, पुन्हा तोंड उघडणार न्हाय, असं वाटभर म्हणत हुते.

आणि ही बया बांधावर उभी, लुगडं पिळत! सांजंलाच आपलं कोरं इरकल हरभऱ्यावर पसरून आलती. दहिवरानं चिंब झालेलं ते लुगडं पिळून मडक्यात आंब धरत हुती. आंबीनं हात लालभडक झालते.

"चाटून किती येणार, आत्ती?" म्हणाली. "म्हणून असं केलं."

तोंड उघडणार न्हाय म्हटलेलं तिथंच विसरले. "अगं येडे, पोटदुखीला आंब काढतोय आम्ही, पण फाटक्या धोतरानं! कोऱ्या लुगड्यानं कोण काढतंय?" वरडले खरी, पण ती आंब धुतल्या पाल्याला लावायचं माझ्या डोसक्यात काय आलं न्हवतं. दोघींनी मिळून पाल्यावर शिंपडली, पुन्हा सावलीत वाळवला, गाडगं भरलं. रवळू घेऊन गेला. त्यो परत येईस्तवर मी उंबऱ्यात आत-बाहेर करत हुते.

"जेवली का रं?" गाडी थांबायच्या आधीच इचारलं.

"दोन भाकरी खाल्ल्या. ठरल्याबी पोटात."

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि म्हणाली, ह्याला आईचा हात न्हाय. मी तिच्या वैनीचं नाव सांगितलं. तर म्हणाली, बाळंतपणाला येतेय, तवा वैनीच्याच हातचं जेवणार."

घ्या! लेक माझी, रान माझं, आणि नाव हिचं! घटकाभर फुगून बसले. पण फुगून किती बसणार? लेकीच्या पोटात चार घास गेले, ते हिच्यामुळं.

आमच्यात सासू जेवून उठल्याबिगर सून जेवत न्हाय. त्या दिवशी मनूला हाताला धरून पाटावर बसवली आणि पहिली भाकरी तिच्या ताटात वाढली. तशी पोरगी रडायलाच लागली.

"गप जेव," म्हटलं. "भाकरीत मीठ घातलंय मी आधीच."