उंच शेपटीचा सी हॉक

माधवी डोंगरेची चंद्रपुरात दातांची लॅब होती. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे, आणि ती त्यांवरून कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या करून द्यायची. हाताला कमालीची सफाई होती. लॅबचं काम आटोपलं की त्याच हातांनी ती विमानं बनवायची. हातभर लांबीचीही नाहीत, तळहातावर मावतील एवढी. पण पत्र्याची जोड, रंगाची छटा, चाकाचा आकार, सगळं अस्सल हवं म्हणून ती महिनोन्‌महिने शोध घ्यायची. लग्न करायचं राहून गेलं, त्याची तिला फारशी खंत नव्हती. एक विमान मनासारखं जमत नाही, याची मात्र होती.

ते विमान म्हणजे सी हॉक. विक्रांत जहाजावरून उडणारं नौदलाचं लढाऊ विमान. त्यातही तिला हवा होता तो दुर्मीळ प्रकार. साठच्या दशकात जर्मनीच्या नौदलाने वापरून सोडलेली काही सी हॉक आपल्याकडे आली, त्यांची शेपटी नेहमीच्या सी हॉकपेक्षा उंच होती. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये शेपटी ठेंगणी. उंच शेपटी स्वतःच घडवावी लागणार, आणि त्यासाठी जवळून, बाजूने काढलेला फोटो हवा. जे फोटो मिळाले त्यांत नेमकी शेपटी दुमडलेल्या पंखांआड गेलेली. दिल्लीपासून हॅम्बुर्गपर्यंतच्या हौशी लोकांना विचारून झालं. हाती काही लागलं नाही.

आणि एके दिवशी ती शेपटी अहेरीच्या एका भिंतीवर सापडली.

झालं असं, की अहेरीच्या बायनाबाई दुर्गे यांच्या कवळीचं काम माधवीकडे आलं होतं. आधीचे दात कसे होते ते कळावं म्हणून तिने जुना फोटो मागवला. सून नूतनने घरातल्या कुठल्याशा कार्यक्रमाचा फोटो पाठवला. बायनाबाई मधोमध हसताहेत, आणि त्यांच्या डोक्यामागे, भिंतीवरच्या फ्रेममध्ये, एका विमानाला टेकून उभा असलेला तरुण खलाशी. माधवीने फोटो मोठा करून पाहिला. दातांकडे तिचं लक्षच गेलं नाही.

कवळी कुरिअरने पाठवता आली असती. ती स्वतः घेऊन गेली. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत, लोहखनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात बस अहेरीला पोचली.

बायनाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी हात चाचपत माधवीचा चेहरा शोधला. कवळी बसवून दिली तर लहान मुलीसारख्या खूश झाल्या. मग माधवीने फोटोचा विषय काढला.

"तो आमचा मालक व्हय. रामाजी," बायनाबाई म्हणाल्या. "नेव्हीत होता. जहाजावर इमानं ढकलायचा, त्यायच्या चाकाले अडण लावायचा. त्याचा हा एकच फोटो हाय बाई. बाकीचे पुरात गेले."

"आजी, मी चंद्रपूरला नेऊ का? आठ-पंधरा दिवसांत आणून देते. यावर बुरशी चढते आहे, साफही करून देईन."

नूतन काहीतरी बोलणार होती. बायनाबाईंनी तिला थांबवलं. "नेऊ दे. तिनं मले दात देल्ले. जपून आन मात्र."

माधवीने फ्रेम साडीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि परतीच्या सगळ्या वाटेत खाली ठेवली नाही.

फोटो काचेला चिकटलेला होता. ओलीने तसं होतं. तिच्या ऑनलाइन हौशी गटातल्या एका जाणत्या गृहस्थांनी निक्षून सांगितलं होतं, "काचेसकट स्कॅन कर. सोडवायला जाऊ नकोस." तिने काचेसकट स्कॅन केलंही. शेपटी छान आली. फक्त वरच्या टोकाशी काचेवर धुरकट डाग होता, आणि त्याखाली जुन्या रंगाची कड असल्यासारखं काहीतरी दिसत होतं. जर्मन रंगावर आपला रंग चढवला असेल तर तशी कड दिसायला हवी. तेवढंच तिला बघायचं होतं.

रविवारी दुपारी तिने कोमट पाणी घेतलं, लॅबमधली सगळ्यांत पातळ पट्टी घेतली आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. शेपटीकडचा भाग सुरेख सुटला. तिला धीर आला. हात जरा भरभर चालू लागला. मग एक बारीकसा आवाज झाला, आणि कागद मोकळा होऊन तिच्या हातात आला. त्यावर विमान होतं, डेक होतं, खलाशाचे पाय होते. खांद्याच्या वर मात्र पांढरा, लोकरीसारखा उसवलेला कागद. रामाजींचा चेहरा काचेवरच राहिला होता, मधूनमधून फाटून.

तिने नागपूरच्या अश्वजितला फोन लावून काय झालं ते सांगितलं. तोही विमानं बनवणारा, जुना मित्र.

"शेपटी आली ना नीट?" त्याने पहिलं तेच विचारलं.

"आली. ती कडपण दिसते आहे."

"मग झालं तर! चेहऱ्याचं काय, आजकाल मोबाइलवर बनवता येतो."

आणि माधवीला खरोखरच हायसं वाटलं. पुढे तिला स्वतःची सगळ्यांत जास्त लाज वाटली ती या हायसं वाटण्याची. एका बाईच्या नवऱ्याचा चेहरा तिच्या हातून फाटला होता, आणि ती शेपटी वाचली म्हणून सुटकेचा श्वास टाकत होती.

स्कॅनमध्ये काचेवर उजेड चमकल्यामुळे चेहरा आधीच पुसट होता. अ‍ॅपने तो भरून काढला. कपाळ, नाक, हसरे ओठ, दात. देखणा तरुण तयार झाला. तिने चांगल्या कागदावर प्रिंट काढली, नवी सागवानी फ्रेम केली आणि अहेरीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली. स्वतः गेली नाही. फोनवर नूतनला म्हणाली, "जुना फारच खराब झाला होता, म्हणून नवीनच काढला." हे खोटं नव्हतं असं तिने स्वतःला समजावलं.

"आई लय खूश हाय," नूतन म्हणाली. "फ्रेमवरून हात फिरवत बसते."

काच मात्र माधवीला टाकवेना. कापसात गुंडाळून तिने ती लॅबच्या कपाटात मागे सरकवली.

त्या पावसाळ्यात तिचं विमान पूर्ण झालं. कवळीच्याच मटेरियलमधून तिने उंच शेपटी कोरली, आणि वरच्या टोकाला जुन्या रंगाची ती कड रंगवली. सुटलेल्या कागदाचं नवं स्कॅन करून त्यातला शेपटीचा तेवढा तुकडा तिने गटावर टाकला. जगभरातून शाबासकी आली. हॅम्बुर्गच्या माणसाने लिहिलं, हा पुरावा अनमोल आहे. माधवी ते वाचायची आणि फोन उपडा ठेवायची. लॅबमध्ये समोर कुणाचाही फोटो आला, की तिला त्या खांद्यावरचा उसवलेला कागद आठवायचा. एक-दोन टोप्या बिघडल्या, डॉक्टरांनी परत पाठवल्या. ती कपाटाकडे पाठ करून बसायला लागली.

दिवाळीनंतर नूतनचा फोन आला. "माधवीताई, आईच्या दोन्ही डोळ्यायचं ऑपरेशन झालं. आता सारं साफ दिसते. तुम्हाले बोलावते."

"कवळी टोचते का?"

"नाई. फोटोचं विचारून राह्यली."

माधवी दुसऱ्याच दिवशी निघाली. कापसातली काच आणि फाटका कागद बरोबर घेतला. बसमध्ये तिने काय काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. ओल होती, बुरशी होती, फोटो तसाही टिकला नसता. आलापल्लीपर्यंत त्यातलं एकेक वाक्य तिला पोकळ वाटत गेलं.

बायनाबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, काळा चष्मा काढून. सागवानी फ्रेम मांडीवर होती. या खेपेला त्यांनी माधवीला चाचपलं नाही. सरळ पाहिलं.

"हा कोन व्हय?" त्यांनी विचारलं.

माधवीने पिशवीतून कापसाची गुंडाळी काढली.

"आमच्या मालकाच्या पुढच्या दाताले फट होती. हसला का अशी दिसे. मी त्याले चिडवो. ह्याचे दात कसे, एका रेषेत. तूच दातवाली, तुले दिसले नाई?"

"आजी, मी फोटो काचेवरून सोडवत होते. माझ्या हातून फाटला. तोंड मोबाइलवर बनवलं." माधवी खाली जमिनीवर बसली. "सोडवायची गरज नव्हती. मला विमानाची शेपटी अजून स्वच्छ बघायची होती, म्हणून सोडवला."

तिने कापूस उलगडला. बायनाबाईंनी काच उजेडाकडे धरली. काचेला चिकटलेला चेहरा समोरून नीट दिसत होता. एक गाल नव्हता, कानाशी भोक पडलं होतं, पण डोळे होते, हसणं होतं, आणि दातांतली फट होती. बायनाबाईंनी त्या फटीवर बोट ठेवलं. नूतनने पुढे होऊन काचेला खालून हात दिला.

"म्हणजे हा तुझ्याजवळच होता," बायनाबाई म्हणाल्या. "फाटला ते फाटला. हातून होते असं. पन काऊन सांगतलं नाई वं? मले दिसत नव्हतं, पन रोज सकाळी चहा घेतला का मी या फ्रेममधल्याशी बोलो. सारा पावसाळा बोलली. पोरायचं, घरचं, कोनाले नाई सांगतलं ते सांगतलं. अन् हा कोन? कोनीच नाई!"

माधवी रडू लागली. बायनाबाईंनी तिला गप्प केलं नाही, आणि रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नागपूरला असे फोटो जोडणारे तज्ज्ञ आहेत," माधवी कशीबशी म्हणाली. "काच आणि कागद दोन्ही दिले तर ते..."

"नाई. आता हा घराबाहेर नाई जाणार."

"मग मी त्यांना इथे घेऊन येते."

"ते मंग पाहू." बायनाबाईंनी काच परत कापसावर ठेवली. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात त्याचा स्मृतिदिन हाय. सारे नातेवाईक येतीन. भिंतीवर हा फाटका चेहरा पाहून मलेच विचारतीन. मी कोनाकोनाले सांगू? तू ये, अन् तूच सांग."

माधवीला वाटलं, याहून दुसरं काहीही मागितलं असतं तर बरं. पण ती हो म्हणाली.

मधल्या दिवसांत तिने गटावर सगळं लिहिलं. शेपटीचा तुकडा काढून टाकला आणि त्या जागी रामाजी दुर्गे हे नाव, त्यांचं काम, आणि आपल्या हातून काय झालं ते मांडलं. अश्वजितचा फोन आला, "एवढं कशाला लिहायचं?" तिने लिहिलेलं तसंच ठेवलं.

स्मृतिदिनाला दुर्ग्यांच्या अंगणात मंडप पडला होता. वंदना झाली. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी ती काच ठेवली होती, मागे पांढरं कापड लावून. नूतनने खूण केल्यावर माधवी उठली. तिने सगळं सांगितलं. ओलीचं नाव घेतलं नाही, बुरशीचं नाव घेतलं नाही. मागच्या बायकांत कुजबुज झाली. एक तरुण पुतण्या उठून बाहेर निघून गेला. बायनाबाई समोर बसून ऐकत होत्या, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत.

जेवणाच्या वेळी तिच्या पानासमोर कुणी थांबत नव्हतं. मग रामाजींचा धाकटा भाऊ, झिंगूभाऊ, हातात वरणाची बादली घेऊन आला. वाकून त्याने तिला वाढलं.

"तुमच्या त्या इमानाचं लय आयकलं," तो म्हणाला. "आणलं काय संगं?"

"नाही, भाऊ."

"बरं केलं," झिंगूभाऊ म्हणाला, आणि बादली घेऊन पुढच्या पानाकडे गेला.