बावखलाकाठची खुर्ची

आगाशीच्या दयारामशेटांना कारणांचा तुटवडा कधी पडला नाही. एकदा त्यांनी शेपूट तुटलेला बैल घरी आणला, तेव्हा त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, कपाळाला हात लावला, तर शेट म्हणाले, "अगं, गाडी हाकणाऱ्याच्या तोंडावर फटकारा तरी बसायचा नाही." शाळा त्यांनी लवकर सोडली होती, पण माल, माणूस आणि हवा या तिन्हींचा वास त्यांना लांबून यायचा. राजेळी केळी सोलून, खळ्यावर बांबूच्या मांडवांवर उन्हात वाळवून ते जी सुकेळी करत, तिला गिऱ्हाईक दादरपासून वाट बघायचं.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर त्यांच्या वाडीतल्या खोलीत नंदाखाल गावचा ॲन्सेल्म राहायला आला. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा, आणि विद्यापीठासाठी परोपजीवी जंतांवर प्रबंध लिहायचा. त्याला हवं होतं ते शेटांचं बावखल, म्हणजे वाडीला पाणी द्यायला आजोबांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. काठ उतरता, आणि उतार संपला की एकदम खोल.

त्याला पोचवायला आलेली त्याची आई, मटिल्डा, निघताना शेटांजवळ थांबली. "शेट, पोराला पवता येत नाय. तेवढी नजर ठेवा. एकच आहे."

"मला तरी कुठं येतं, मटिल्डाबाय?" शेट हसले. "पण शब्द दिला. मास्तरांना पाण्याच्या वाटेला जाऊ देणार नाही." आणि पाण्याची ग्वाही म्हणून त्यांनी तिथल्या तिथे वाकून बावखलातलं पाणी ओंजळीने प्यायलं. जन्मभर पीत आले होते. ॲन्सेल्म मात्र ती ओंजळ रिकामी होईपर्यंत बघत राहिला.

सकाळचं शिंपण उरकलं की शेट त्याच्या काचेच्या बरण्या बघायला जात. एकदा त्याने एक रातकिडा उतारावर सोडला. किडा थोडा घुटमळला, मग सरळ पाण्याकडे चालत गेला आणि त्याने आत उडी मारली. पाय झाडता झाडता त्याच्या पोटातून केसासारखा काळा जंत निघाला, निघतच राहिला, किड्याच्या कितीतरी पट लांब, आणि वळवळत तळाशी गेला.

"जंत आत वाढतो तोवर किड्याला पत्ता नसतो," ॲन्सेल्म म्हणाला. "पिकला की त्याला पाणी लागतं. मग किडा पाण्याकडे निघतो."

"आणि किड्याला काय वाटत असेल, मास्तर? कोणी ढकलतंय?"

"नाही, शेट. त्याला वाटत असेल, मीच निघालोय. काहीतरी कामाला."

शेटांना ही गोष्ट भारी आवडली. बाजारात, बसच्या थांब्यावर, आठवडाभर ती त्यांनी रंगवून सांगितली. व्याह्यांनाही तोच जंत झालाय, फक्त पाण्याऐवजी आमच्या ओसरीकडे ओढतो, असं म्हणून लोकांना हसवलं.

मग पौषात केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की ॲन्सेल्मची खुर्ची जागची हलली आहे. आधी ती खोलीच्या दारात असे, मग शेवग्याखाली आली, मग उताराच्या तोंडाशी. पोरगा तिच्यात पाण्याकडे पाठ करून बसायचा, मांडीवर कागद कोरेच, आणि जेवायलासुद्धा उठायचा नाही. डोळे खोल गेले होते. शेटांनी हाक मारली तर म्हणायचा, "तुम्ही घरी जा, शेट. मग मी उठतो."

शेटांची झोप उडाली. दिलेला शब्द छातीवर बसला. खुर्ची पुढे सरकतेय, आणि पोराला पोहता येत नाही. शेवटी ते स्वतः नंदाखालला गेले आणि मटिल्डाला घेऊन आले. ॲन्सेल्मने खूप हट्ट केला नाही. सामान बांधून निघाला, आणि फाटकाशी वळून एवढंच म्हणाला, "शेट, सुकेळीचे मांडव तेवढे मागे घ्या."

"तुम्ही आधी बरे व्हा, मास्तर." शेटांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो गेल्यावर खुर्ची उचलून खोलीत टाकली, बाहेरून कडी घातली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून परतताना मटिल्डा वाडीवर आली. पोरगा आता नीट जेवतो म्हणाली, पाण्याचं नावही काढत नाही. मग पदराशी चाळा करत थांबली.

"रोज एकच विचारतो, शेट. मांडव कुठवर आले? मी म्हटलं, तुला रे काय करायचंय? तर म्हणतो, आय, मी खुर्ची शेटांच्या नि पाण्याच्या मधे ठेवायचो."

शेट मोकळेपणाने हसले, तिला केळफूल दिलं आणि फाटकापर्यंत सोडून आले.

परतताना मथुराबाई समोर आल्या. त्यांच्या हातात सुकेळीची एक फोड होती, पांढुरकी, मऊ पडलेली. "अहो, यंदाचा सगळा माल बुरसला. जन्मात कधी खळ्यावरून मांडव हलले नाहीत आपले. तिथं ओलीत कशाला नेलेत?"

"खळ्यावर कावळे फार झाले," शेट म्हणाले. ते खरंच होतं. शेवग्याशी नेले तेव्हा मुंग्या झाल्या होत्या, तेही खरं होतं. आणि पाण्यावरून येणारा वारा माल लवकर सुकवतो, हे तर कोणालाही पटावं.

ते बावखलाकडे गेले. बांबूचे मांडव उतारावरून ओळीने खाली गेले होते, आणि आज सकाळीच त्यांनी आपल्या हाताने उभा केलेला शेवटचा मांडव पुढच्या दोन पायांनी पाण्यात उभा होता. त्याचंही काहीतरी कारण होतं, चांगलं कारण. आत्ता आठवलं असतं. पण घसा सकाळपासून कोरडा पडला होता. घरात माठ भरलेला होता, हेही त्यांना ठाऊक होतं. पण पाणी इथंच, एका पावलावर असताना घरापर्यंत कोण जाईल, असं म्हणत शेटांनी वहाणा काढल्या आणि काठावर नीट जोडून ठेवल्या.