फलश्रुती

वैदेहीने पान उलटलं आणि वाचता वाचताच शेवटचा परिच्छेद नजरेखालून घातला. तिचा वेग एकदम वाढला.

"सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "देवी कुठे पळून चालली नाहीय."

मार्गशीर्षातला गुरुवार होता. नेरूळच्या त्या फ्लॅटमध्ये दरवर्षी पोथी वाचायच्या त्या सासूबाई, मीनाताईच. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे वैदेहीला बसावं लागलं. ऑपरेशनसाठी मीनाताई ठाण्याला लेकीकडे होत्या, तेव्हाच इकडे तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दिवस राहिल्याचंच कुणाला सांगितलं नव्हतं. आता हे तरी कशाला सांगायचं, असं तिचा नवरा अभिराम म्हणाला होता. पूजेला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

मागे शेजारच्या बायका बसल्या होत्या. कुणाचा तरी फोन थरथरला. वैदेहीने मांडी बदलली, पदर सारखा केला, पुन्हा मांडी बदलली. गोष्ट संपली. पुढे फक्त फळ उरलं होतं: ही कथा वाचणारीची कूस...

तिने ती ओळ सोडली आणि हात जोडले.

"अगो, फल रायला ना वाचाचा," खालच्या मजल्यावरच्या भागीरथीबाई म्हणाल्या. त्या इथल्या मूळ गावच्या, दर साली ही पोथी ऐकायला येणाऱ्या. "पोराबालांचा. त्योच तं मेन हाय."

वैदेहीचे कान तापले. बोट त्या ओळीवरच होतं.

"या पोथीत नाहीय ते," मीनाताई म्हणाल्या. "नव्या छपाईत काढलंय." त्यांनी हात लांब करून पोथी मिटली, चौरंगावर ठेवली. "चला, आरती घ्या."

हळदीकुंकू घेऊन बायका गेल्या. वैदेही प्रसादाच्या वाट्या गोळा करत राहिली. एकच वाटी तिने दोनदा पुसली. शेवटी राहवलं नाही.

"आई, पोथी जुनीच आहे. तुमच्या माहेरची."

"असेल. मला कुठे धड दिसतंय." काळा चष्मा काढून मीनाताई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या. "ये, डोळ्यात थेंब घाल. आणि पुढच्या गुरुवारी उपास धरू नकोस. अंगावरून जातंय अजून, चक्कर येईल."

बाटली वैदेहीच्या हातात तशीच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं? तरी पूजेला बसवलंत?"

मीनाताईंनी मान हलवली नाही.

"घाल गं लवकर," त्या म्हणाल्या. "मान अवघडली."