बारावं डोकं

"अगं, राहू दे तो मफलर! सभेची दारं लावून घेतील ते!" मार्लिस अंगणातूनच ओरडली.

गाडी चालूच ठेवली होती तिनं. आर्डिथच्या दाराशी टेकवलेला झाडू घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ झाडला, मीठ टाकलं, आणि मग हाका मारायला लागली. आर्डिथ आत चाचपडत होती. वय ब्याऐंशी, डोळे अधू. पण आभाळ कोसळलं तरी कोटाला शोभेल असा मफलर सापडल्याशिवाय बाई उंबरा ओलांडायची नाही.

"तुझ्या त्या डेलॅनीबाईचं माझ्यावाचून अडलंय होय?"

"अडलंय. एकेका डोक्याला किंमत आहे आज. चल, हात दे."

चाळीस वर्षांचा शेजार होता. आयोवातल्या त्या गावात मांसाचा कारखाना बंद पडला, मार्लिसच्या नवऱ्याची, रोलंडची, नोकरी गेली आणि नोकरीबरोबर आजारपणाचा विमाही गेला. छातीत दुखतंय हे त्यानं महिनाभर बायकोपासून लपवलं, कारण दवाखान्याचा खर्च कोण देणार? लपवलं आणि गेला. त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर मार्लिसचा हात धरून बसली होती ती ही आर्डिथच.

म्हणून डेलॅनीबाई. डॉक्टर सगळ्यांना, कारखाना असो नसो, असं उघड म्हणणारी राष्ट्राध्यक्षपदाची तेवढी एकच उमेदवार होती. पक्षातल्या मवाळांना ती जहाल वाटायची. वाटू दे! मार्लिसला एवढंच हवं होतं, की गावातून डेलॅनीबाईच्या बाजूनं एक तरी प्रतिनिधी जिल्ह्याच्या अधिवेशनाला जावा, आणि तो आपण असावं. तिथं उभं राहायचं, रोलंडचं नाव घ्यायचं आणि ठराव मांडायचा. आर्डिथनं शब्द दिला होता, "रोलंडसाठी मी तुझ्या कोपऱ्यात उभी राहीन."

पक्षाच्या त्या सभेत, कॉकसमध्ये, कोपऱ्यातच उभं राहायचं असतं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. शाळेच्या व्यायामशाळेत सगळा गाव जमतो, ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात तो जातो, आणि डोकी मोजतात. कोण कुणाचा ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना उघड दिसतं. मोठी लोकशाही! भांडणं पुढच्या कॉकसपर्यंत पुरतात.

दार लागता लागता दोघी आत शिरल्या. सभेच्या अध्यक्षबाई फळ्यापाशी उभ्या होत्या. "घ्या, परत गणित! मार्लिस मघाशीच नाव नोंदवून गेली, ती धरून त्र्याहत्तर होते, आर्डिथ धरून चौऱ्याहत्तर. शेकडा पंधरा लागतात, म्हणजे आता अकराच्या जागी बारा. बारापेक्षा कमी असतील तो गट बाद."

"उशिरा येऊन महागाई वाढवलीस गं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आर्डिथही हसली.

मार्लिसनं तिला आपल्या कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं आणि मोजलं. दहा जण, आपण अकरा, आर्डिथ बारा. पुन्हा मोजलं. बाराच. मार्लिसच्या जिवात जीव आला.

समोरच्या भिंतीशी मवाळांची नुसती जत्रा होती. सेनेटर व्हिटकॉम यांचे फलक, लिंबाच्या वड्यांचं ताट, आणि मधोमध डेल हॉफस्ट्रा. बी-बियाण्यांचं दुकान त्याचं, आणि जिभेवर कायम साखर. तो इकडे येऊन आर्डिथशी हवापाण्याचं बोलून गेला. मार्लिसच्या मनात काहीसुद्धा आलं नाही.

पहिली मोजणी झाली. डेलॅनी, बारा. गट टिकला! तिसऱ्या एका उमेदवाराचे चौघेच होते, ते बाद झाले. आता थोडा वेळ ज्याला पाहिजे त्याला कोपरा बदलता येणार होता. त्या चौघांतला गस, गुरांचा डॉक्टर, मार्लिसकडे आला.

"येऊ का तुमच्यात? कमी पडत असेल तर येतो. नाहीतर तिकडे जातो, बायको तिकडे आहे."

"जा बाबा बायकोकडे," मार्लिस खुशीत हसली. "आमचे बारा पक्के आहेत. उगाच घरात भांडण नको."

गस गेला. हातातलं माणूस तिनं स्वतःच्या तोंडानं घालवलं.

अध्यक्षबाईंनी "शेवटचं मिनिट!" म्हणून पुकारलं तशी आर्डिथ खुर्चीत चुळबुळ करायला लागली. "माझी काठी कुठंय गं?"

"आत्ता कशाला? मोजून होऊ दे, मग नेते तुला बाथरूमला."

"दे ना गं."

मार्लिसनं वाकून खुर्चीखालची काठी काढली आणि तिच्या हातात दिली. तेवढ्यात डेल आलाच, कोपर पुढे करून, लग्नातल्या नवरदेवासारखा. आर्डिथनं त्याचा हात धरला. बाथरूम डावीकडे होतं. ती दोघं सरळ गेली. मार्लिस बघत राहिली, आता वळतील, आता वळतील. वळले नाहीत. व्हिटकॉमच्या फलकाखाली कुणीतरी आधीच खुर्ची मांडून ठेवली होती.

"वेळ संपली! जागेवर थांबा!"

"आर्डिथ!" मार्लिस किंचाळलीच. "अगं, ती चुकून गेली तिकडे! तिला दिसत नाही!"

"चुकून नाही, मार्लिस," आर्डिथ तिकडून म्हणाली. हळूच म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना आलं.

डेलॅनी, अकरा. गट बाद.

कुंपणच शेत खायला उठल्यावर दाद कुणाकडे मागायची? अकरा माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली. गस लांबून मान हलवत होता. मग प्रतिनिधींची नावं वाचली, पाचही व्हिटकॉमचे. पाचवं नाव आर्डिथ सोरम. टाळ्या पडल्या. डेल लिंबाच्या वड्या घेऊन मार्लिसकडे आला.

"मनाला लावून घेऊ नकोस. घर शेवटी एकच आपलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांना फोन करायला तुझ्यासारखं माणूस नाही पक्षात."

"वडी ठेव तुझ्याजवळ," मार्लिस म्हणाली. "नोव्हेंबरात चघळ."

आणि आता या बाईला घरी कोण सोडणार? जिनं आणलं तीच! आर्डिथ दारापाशी कोट घालून, मफलर गुंडाळून वाट बघत होती, जशी दर रविवारी चर्चमध्ये बघायची. मार्लिसनं गाडीचं दार उघडलं.

गाव संपून वळण आलं. वळणावर मार्लिसच्या डोक्यात ते फळ्यावरचं गणित लख्ख उभं राहिलं. त्र्याहत्तर असते तर अकरा पुरले असते. हिला घरी मफलर शोधत बसू दिलं असतं तरी गट टिकला असता. झाडून, मीठ टाकून, हाताला धरून आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"डेल आला होता रविवारी," आर्डिथ आपणहून म्हणाली. "म्हणाला, आधी मार्लिसकडे बस, म्हणजे ती आणखी कुणाला गोळा करणार नाही. मग शेवटी ये."

"आणि तू हो म्हणालीस."

"तुझी बाई निवडून यायची नाही गं! माझ्याकडे वर्षं किती उरलीत? मला जिंकलेलं बघायचंय एकदा." तिनं मफलर सारखा केला. "आणि ब्याऐंशी वर्षांत केक भाजून दे, याशिवाय मला कुणी काही मागितलं नाही. तो म्हणाला, प्रतिनिधी हो."

"रोलंडचं नाव घेणार होते मी तिथं. तुला ठाऊक होतं."

"मी घेईन ना त्याचं नाव."

"खबरदार!" मार्लिसचा आवाज फाटला. "खबरदार त्याचं नाव घेतलंस तर. त्या बाकावर माझा हात धरून बसली होतीस तू. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केलंस!"

आर्डिथ रडली की नाही, अंधारात कळलं नाही. घर आलं. मार्लिस उतरली, तिला उतरवलं, दंडाला धरून एकेक पायरी चढवलं. पडली असती तर तेही आपल्याच जिवाला लागलं असतं. पायऱ्यांवर पुन्हा भुरभुर बर्फ साचला होता. झाडू दाराशी तसाच टेकलेला.

दार उघडून आर्डिथ उंबऱ्यात घुटमळली. "मार्लिस, मार्चमध्ये ते जिल्ह्याचं अधिवेशन... सोडशील ना मला?"

मार्लिसला क्षणभर वाटलं, ही थट्टा करतेय. थट्टा नव्हती. म्हातारी खरंच विचारत होती, नेहमीसारखी.

"डेलच्या गाडीतून जा."

"त्याची ती उंच गं. मला चढायला येत नाही."

"सांग त्याला हात धरायला," मार्लिस म्हणाली. "आज धरला ना त्यानं?"

ती पायऱ्या उतरली. झाडूला तिनं हात लावला नाही.