इसाके विचारायला जात

आके, माझे वडील, गेले त्याला या सप्टेंबरात वर्ष झालं. वर्षाच्या आशीला, श्राद्धाच्या जेवणाला, आमच्या काराबुलाक गावात तीनशे माणूस जेवलं. माझ्या थोरल्या भावानं, कुबातनं, घोडी कापली, अंगणात दोन लोकरी तंबू, युर्त, उभारले, आणि जेवण झाल्यावर एकेक जण वडिलांबद्दल बोलला. इसाकेंसारखा मेंढपाळ या खोऱ्यात झाला नाही, असं बरेच जण म्हणाले. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की खळग्यांतल्या गोट्यांचा डाव खेळताना इसाके बाहीत गोट्या लपवायचे. ते खरं आहे. मी स्वतः झटकून काढल्यात.

मला सांगायचंय ती गोष्ट मात्र युर्तात कुणी मोठ्यानं काढली नाही. जेवायला आलेल्या तीन बायकांनी मला चुलीमागं बाजूला घेतलं आणि हळूच काढली.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, नारिन शहरात वैद्यकी शिकत होते. ऑक्टोबरात बटाटे काढायला घरी आले होते. परत जायला सकाळी रस्त्यावर उभी होते, तर एक पांढरी झिगुली गाडी थांबली. आत शेजारच्या खोऱ्यातला तिलेक आणि त्याचे तीन मित्र. तिलेकला मी एका लग्नात लांबून पाहिलं होतं, तेवढीच ओळख. त्यांनी मला उचलून गाडीत घातलं. आमच्याकडे लग्नासाठी मुलगी अशी पळवून नेतात.

दुपारी मी त्यांच्या घरात, पडद्याआडच्या कोपऱ्यात होते. बायका माझ्या डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधत होत्या, मी ओढून फेकत होते. त्या रागावत नव्हत्या. सगळ्या अशाच रडत येतात, मग राहतात, असं समजावत होत्या. उंबऱ्यावर तिलेकची पणजी आडवी झाली होती. म्हाताऱ्या माणसाला ओलांडून जाणाऱ्या मुलीचं कधी भलं होत नाही, असं आमच्याकडे मानतात. मीही मानत होते.

तिकडे तिलेकचे काका रीतीप्रमाणे माफीची मेंढी घेऊन आमच्या दारात गेले. ते आपानं, माझ्या आईनं, मला नंतर सांगितलं. आके चहा पीत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मुलगी काय म्हणाली?  असल्या वेळी हा प्रश्न कुणी विचारत नसे. आकेंनी पेला पालथा घातला, मेंढी उचलून पुन्हा त्यांच्या गाडीत चढवली आणि स्वतःही तिच्याशेजारी बसले.

कुबात आडवा आला. त्याचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. ही परत आली तर आपल्या घरात मुलगी कोण देईल, असं त्यानं विचारलं.

"तुझं नंतर बघू," आके म्हणाले. "आधी हिला विचारून येतो."

तिलेकच्या दारात मला आकेंचा आवाज ऐकू आला आणि मी पडद्यातून बाहेर आले. ते उंबऱ्यापर्यंत आले, टोपी काढून त्यांनी म्हातारीला सलाम केला आणि तिच्या पलीकडे जमिनीवरच मांडी घातली.

"सालकिन, तुला इथं राहायचंय का?"

 मी मान हलवली.

"मान नको हलवू, पोरी. या सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"नाही राहायचं," मी म्हणाले.

गलका झाला. काका म्हणाले, आणलेली मुलगी परत नेलीत तर गाव तोंडात शेण घालेल.

"घालू दे. तोंड माझं आहे."

मग आके म्हातारीकडे वळले. "एने, तुम्हाला ओलांडायला मी माझ्या मुलीला लावणार नाही. तुमचा मान मोठा. तुम्ही उठाल तेव्हा आम्ही निघू. तोवर मी बसतो. मेंढपाळ आहे, बसायची सवय आहे."

चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. कुणी समजावलं, कुणी धमकावलं. ते बसून राहिले. भिंतीवरचं ऊन चांगलं हातभर सरकलं. म्हातारी डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कुठून आलास रे?"

"काराबुलाकहून."

"लांब आहे."

मग ती हाताच्या आधारानं उठून बसली. "मी सोळाची होते," ती म्हणाली. "तीन दिवस या दाराकडं बघत बसले. माझा बाप आला नाही." आणि ती भिंतीकडं सरकली.

दार मोकळं झालं. मी बाहेर आले. कुणी अडवलं नाही.

आम्ही अकरा किलोमीटर चालत आलो. आकेंनी धीराचा एक शब्द काढला नाही. नवे बूट कसे चावतायत, तेच वाटभर सांगत होते. मला हसू आलं तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

पुढचं सोपं नव्हतं. कुबातचं लग्न मोडलं. तो वर्षभर आकेंशी बोलला नाही, माझ्याशी तर त्याहून जास्त काळ. जेवणावळींत आकेंना मानाच्या जागेवरून दाराजवळ बसवू लागले. ते दाराजवळ बसून पोटभर जेवत, वर म्हणत की इथं वारा बरा येतो. महिन्याभरानं ते मला स्वतः नारिनला पोचवून आले.

दोन वर्षांनी एक अनोळखी माणूस आकेंना शोधत आला. त्याच्या मुलीला असंच नेलं होतं, आणि एकट्यानं जायची त्याला हिंमत होत नव्हती. आके त्याच्याबरोबर गेले. पुढच्या वीस वर्षांत ते पाच वेळा गेले. तीनदा मुलगी परत आली. एकदा उशीर झाला होता, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आणि एकदा मुलगी म्हणाली, मला राहायचंय. तेव्हा आकेंनी तिथला मिठाचा चहा घेतला, दोघांना आशीर्वाद दिला आणि घरी येऊन तक्रार केली की चहात मीठ कमी होतं.

चुलीमागं मला भेटल्या त्या परत आलेल्या तिघी. एक आता शाळेत शिकवते, दुसरीचं शिवणकामाचं दुकान आहे. तिसरी सगळ्यांत पुढं येऊन म्हणाली की तिच्या मुलीच्या नावात तिनं इसाकेंचं नाव बसवलंय. कुबात तिथंच लाकडं फोडत होता. ऐकत होता. त्याचं पुढं चांगल्या घरी लग्न झालं, त्याला दोन मुली आहेत.

मी आता काराबुलाकच्याच दवाखान्यात असते. या नोव्हेंबरात, आशीनंतर दोन महिन्यांनी, दुपारी कुबात तिथं आला. त्याच्याबरोबर एक घामाघूम माणूस होता. तो इसाकेंना विचारत आमच्या घरी आला होता. ते गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

"कोट घाल," कुबात मला म्हणाला. "मुलीला विचारायला बाईमाणूस बरोबर असलेलं बरं."

"आपण जायचं?"

"मग कोण जाणार?"

वाटेत तो एकदाच बोलला. आके आधी काय म्हणायचे, सलाम की मुलीचं नाव, असं त्यानं विचारलं. सलाम, मी सांगितलं.

त्या घरात त्यानं आधी सलाम केला, मग विचारलं, आणि मुलीनं मोठ्यानं उत्तर दिलं. परतताना ती मागच्या सीटवर बापाशेजारी बसली होती. तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. मी पिशवीतली भाकर तिच्या हातात दिली. घाट उतरेपर्यंत तिनं ती सगळी संपवली आणि विचारलं, अजून आहे का?