पाचव्या दिवसाचं पाणी

“बूच काढा, बाई. दोन तासांत हौद रिकामा होईल, घासा आणि पुन्हा भरा. उद्या बाप्तिस्मा आहे, आणि तोही तुमच्याच यजमानांचा!” पाळकसाहेब घाईत होते.

चावीवाल्या बाई हौदाच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या. बुचाची साखळी हातात होती, पण हात काही हलेना. चर्चची झाडलोट, किल्ल्या आणि बाप्तिस्म्याला माणसं पाण्यात उतरवायचा मागचा हा कमरेइतका खोल, उघडा हौद, सगळं त्यांच्याकडे. बाप्तिस्मा झाला की त्याच दिवशी हौद उपसायचा, हा नियम त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोडला होता. गुडघे दुखत होते, आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. आता त्या पाण्यात बेडकांची शेकडो पिल्लं वळवळत होती. नुसतं डोकं आणि शेपूट.

“बादलीत काढून पाहिली, साहेब. सकाळपर्यंत सगळी उताणी. आणि ओढा तर कोरडा ठणठणीत.”

“मग करायचं काय?”

“सकाळीच शास्त्रात वाचलं. देवानं पाण्याला जिवांनी भरून जायला सांगितलं आणि त्या जिवांना आशीर्वाद दिला. माणूस तेव्हा झालासुद्धा नव्हता.” बाईंचा आवाज बारीक झाला. “आशीर्वाद मिळालेल्यांना गटारात कसं सोडू?”

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. हे वाचायला बाईंना त्यांनीच शिकवलं होतं.

बाईंचे यजमान घड्याळजी होते. साऱ्या गावाची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस देवाच्या बाबतीत मात्र तीस वर्षं ‘बघू’ म्हणत आला होता. बाईंनी प्रार्थना केल्या, भांडणं केली, अबोला धरला, पण स्वारी ढिम्म. मग मागच्या हिवाळ्यात घड्याळजींचं हृदय बंद पडता पडता राहिलं, आणि बाईंनी मनातलं बोलून टाकलं. चर्चच्या दफनभूमीत बाप्तिस्मा न झालेल्याला जागा नव्हती. भिंतीजवळची आपली जागा बाईंनी कधीच मागून ठेवली होती, तिच्या शेजारची रिकामी होती. “मी तिथं एकटीच पडून राहू का?” त्यावर घड्याळजी चष्मा पुसत म्हणाले, “असं आधी सांगायचं ना.” देवासाठी नव्हे, बायकोसाठी तयार झाला गडी! बाईंना तेही चाललं.

तेवढ्यात घड्याळजी काठी टेकत आले. त्यांनी कामाचं भिंग डोळ्याला लावलं, एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

“अगं, ह्याचं काळीज दिसतंय. टिकटिक चाललीय बघ.” मग पिल्लू हळूच पाण्यात सोडून म्हणाले, “साहेब, ह्यांना पाय फुटून ही बाहेर पडली की मी उतरतो. तीनेक आठवडे लागतील.”

“अहो, डॉक्टर काय म्हणाले विसरलात?”

“तीस वर्षं थांबलीस. तीन आठवडे थांब.”

बाईंनी साखळी सोडून दिली. त्यांना नवऱ्याचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदमच.

मग रोज संध्याकाळी दोघं हौदाशी खुर्च्या टाकून बसू लागली. पाण्यात आभाळ उतरायचं आणि पिल्लं ढगांमधून पोहत जायची. बाई उत्पत्तीची गोष्ट वाचायच्या. घड्याळजींचा डोळा लागायचा. वारा पडलेला, पाणी स्थिर, बाईंचा आवाज त्यावरून तरंगत जायचा, आणि त्यांना स्वतःलाच कळेनासं व्हायचं की आपण वाचतोय की कुणी आपल्याला वाचून दाखवतंय. घड्याळजी मध्येच जागे होत.

“कितवा दिवस झाला?”

“पाचवा. मासे आणि पाखरं. आता सहावा, त्यात माणूस.”

“त्याला कशाला आणतेस इतक्यात? पुन्हा पाचवाच वाच.”

बाई हसून पान मागे घ्यायच्या. आधी मागचे पाय आले, नंतर पुढचे. शेपट्या आखडत गेल्या. नखाएवढे बेडूक काठावर येऊन बसू लागले. शनिवारी घड्याळजींनी भिंगातून हौद धुंडाळला आणि सांगितलं, “पाचसातच राहिलेत. पुढच्या रविवारी मी नक्की.”

मंगळवारी संध्याकाळी बाई वाचत होत्या. पाचवा दिवस संपला, तरी ‘कितवा’ असं कुणी विचारलं नाही. त्यांनी मान वर केली. घड्याळजी खुर्चीत मागे टेकले होते, एक हात पाण्यात बोटं बुडतील इतका खाली लोंबत होता. बाईंनी तो उचलून मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला. तो थंड पडला होता. त्या ढसाढसा रडल्या. आपणच बूच काढलं असतं तर, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि ते त्यांनी देवाला सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब नोंदवही घेऊन आले. त्यांचेही डोळे सुजले होते. “बाई, हात पाण्यात होताच त्यांचा. बाप्तिस्मा झाला असं लिहून टाकतो. चर्चच्या कमिटीचं मी पाहतो.”

बाईंनी वही हळूच मिटली. भिंतीजवळच्या त्या दोन जागा त्यांना दिसत होत्या.

“नको साहेब. झालं नाही ते झालं म्हणून लिहिलेलं त्यांना खपलं नसतं. त्यांना गावाच्या दफनभूमीत नेऊ. आणि माझी भिंतीजवळची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी त्यांच्याकडे जाईन.”

दुपारी चर्चच्या आवारातून पेटी उचलली. हौदाजवळून फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर इवले इवले बेडूक टुणटुण उड्या मारत होते. बाई सगळ्यांच्या पुढे झाल्या, डोळे पुसले आणि खांदा देणाऱ्यांना म्हणाल्या, “सावकाश चला. जरा खाली बघून पाय टाका.”