दगडोबाचा रेडिओ

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात. हरिओम पाटलानं तर खोटं चौथऱ्यावर मांडून वर लाईट सोडला होता.

उदगीर रोडवर त्यानं हॉटेल काढलं. भिंतीला कंदील, काळे टेलिफोन, तार पाठवायचं कडकट्ट यंत्र, अन् मधोमध रेडिओ. खाली पाटी: 'वडिलांनी हैदराबादहून आणलेला रेडिओ. सारं गाव आमच्या ओसरीवर ऐकायचं.' त्याचा फोटो माझ्या मोबाईलवर आला अन् माझं डोकंच फिरलं. डावं बटन दोऱ्याच्या लाकडी रिळाचं होतं. मूळचं हरवलं तवा माझ्या मायनं, गुणाबाईनं, रीळ कापून बसवलं होतं. असलं बटन हैदराबादेत मिळतं व्हय रे मुडद्या?

रेडिओ माझ्या बाचा, दगडोबाचा. बा रेल्वेत गँगमन. गावात वीज आली त्या साली त्यानं रेडिओ डोक्यावर भीमनगरात आणला. सारे समोर बसून गाणी ऐकायचे, मी मागं जाऊन फटीला डोळा लावायची. आत काचेच्या नळ्या पेटल्या की उजेड बाबासाहेबांच्या फोटोवर पडायचा. बानं तो बाजूच्या फळीला आतून खळीनं चिकटवला होता. लई गोड वाटायचं ते.

मग व्यंकटराव पाटील आला, ह्या हरिओमचा बाप. तवा मिसरूड फुटलेला गडी. 'निवडणुकीचा निकाल ऐकून दोन दिसांत देतो' म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. बा मागायला जायचा अन् अंगणाभायेर उभा राहायचा. एक दिवस व्यंकटराव म्हणला, "तुमच्याकडं रेडिओ कुठून आला रे? चोरीचा म्हणून चावडीत नेऊ का?"

बानं पुन्हा रेडिओ ऐकला न्हाई. कुठं दुकानात लागला तर रस्ता बदलायचा. चोर म्हणलेलं त्याला मरेपर्यंत पचलं न्हाई. मला रेडिओ पाहिजेच होता, पण त्याहून ते 'चोर' पुसून पाहिजे होतं.

उद्घाटन दसऱ्याला. दसरा आमचाबी असतो. विहारात वंदना केली, पर्समधी पेचकस टाकला अन् पांढऱ्या लुगड्यावरच गेले.

पाटलांकडं दसऱ्याला अवजारांसंगं रेडिओचीबी पूजा असते. व्यंकटराव आता पार थकलेला. त्यानं स्वतःच्या बोटांनी रेडिओला कुंकू लावलं, झेंडू वाहिला अन् खुर्चीत बसला. हरिओम माईक घेऊन पाहुण्यांना आठवणी विचारून राहिला होता. माझ्याकडं आला.

"मावशी, तुम्हीबी सांगा की एखादी."

"सांगते की." मी माईकच घेतला. "मी महामाया. हा रेडिओ माझ्या बाचा, दगडोबाचा. ह्या व्यंकटरावानं नेला अन् वर बालाच चोर म्हणला."

हरिओम कसनुसा हसला. "तसले रेडिओ लई होते हो त्या टायमाला."

"काढा रे तिला भायेर!" व्यंकटराव खेकसला.

"काढा, पण आधी सांगा पाटील. इतके दसरे पूजा केली, ह्याच्या पोटात काय हाय, ठाव हाय का?"

"पूजेच्या वस्तूचं पोट कोण फाडतं?"

"आत बाबासाहेबांचा फोटो हाय. माझ्या बानं चिकटवलेला. न्हाई निघाला तर तुमच्या उंबऱ्यावर नाक घासते."

एक जण मला धरायला उठला. हरिओमनंच त्याला थांबवलं, "बघू दे."

पेच गंजलेले होते. एक काही केल्या फिरंना, तवा फळीच उचकटली. आत धूळ, जळमटं. अन् बाजूच्या फळीला फोटो. नळ्यांच्या उष्णतेनं तपकिरी पडलेला, पण चष्मा, टाय सगळं जागच्या जागी. बा, बघ रे, निघाला!

"आता सांगा पाटील, चोर कोण?"

हरिओमचा चेहरा पडला. "मावशी, आईच्यान, मला म्हाईत नव्हतं. पाटी बदलतो. तुमच्या वडिलांचं नाव लिहितो. रेडिओ राहू द्या इथंच."

पोरगं खरं बोलून राहिलं होतं. क्षणभर माझं मन पाघळलं. बाचं नाव, एवढ्या लोकांत!

तेवढ्यात व्यंकटरावाकडं नजर गेली. ज्या बोटांनी कुंकू लावलं होतं, ती बोटं तो धोतराला पुसत होता. एकेक करून, घासून घासून.

"पुसा पाटील, चांगलं पुसा!" मी म्हणले. "आता किती दसऱ्यांचं पुसणार?"

मीबी पदरानं रेडिओवरचं कुंकू खसाखसा पुसलं, झेंडू खाली टाकला अन् फळी पुन्हा बसवली. बानं आणला तसा रेडिओ डोक्यावर घेऊन मी निघाले. दारात चांगले आठ-दहा पाटील उभे होते. कुणी अडवलं न्हाई. अडवायचं तर त्या रेडिओला हात लावावा लागला असता.